सौंदर्य-इंजेक्शनांनंतर येणाऱ्या गाठी आणि पू : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

त्वचाविकारांविषयीच्या या सदराकडे अलीकडे येणाऱ्या पत्रांत चेहऱ्यावर किंवा पोटावर घेतलेल्या सौंदर्य-इंजेक्शनांनंतर झालेल्या जंतुसंसर्गाचा उल्लेख वारंवार दिसू लागला आहे. ही पत्रे एकत्र घेऊन त्यांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. धाकट्या नणंदेच्या लग्नाआधी मी एका ब्यूटी पार्लरमध्ये हनुवटीखालची चरबी विरघळवण्याची इंजेक्शने घेतली. तेव्हा काहीच त्रास झाला नाही. साधारण तीन आठवड्यांनी सुई टोचली होती नेमक्या त्याच जागी लहान गाठी आल्या, हळूहळू त्या जांभळट झाल्या आणि त्यांतल्या दोन फुटून पातळ पू येऊ लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक बदलून दिले, एकदा चिरा देऊन पू काढला. जखम भरते आणि पुन्हा वाहू लागते. इंजेक्शनांबद्दल मी त्यांना सांगितलेले नाही, कारण माझे सासरेही त्यांच्याकडेच जातात. हे गळू कधी बरे होईल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, जी गोष्ट तुम्ही डॉक्टरांपासून लपवली आहे तीच तुमच्या आजाराचे निदान करणारी आहे, म्हणून ती आधी सांगून टाका. रुग्णाने सांगितलेली गोष्ट त्याच्या घरच्यांनाही न सांगणे डॉक्टरांवर व्यावसायिक आचारसंहितेने बंधनकारक आहे. तरीही संकोच वाटत असेल तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि तिथे पहिल्याच वाक्यात इंजेक्शनाची तारीख, जागा आणि काय टोचले ते सांगा.

तारखेला एवढे महत्त्व का, ते समजावून सांगते. सुईच्या वाटेने त्वचेवरचे नेहमीचे जंतू, म्हणजे स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस, आत शिरले तर ते वाट पाहत नाहीत; दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात ती जागा लाल होते, हाताला गरम लागते, ठणकते आणि पुष्कळदा तापही येतो. असा संसर्ग योग्य अँटिबायोटिकने सहसा आटोक्यात येतो. तुमच्या बाबतीत तीन आठवडे सगळे शांत होते, मग सुईच्या जागांवरच गाठी आल्या, रंग जांभळट झाला, पू दाट नसून पातळ आला आणि औषधांचे दोन कोर्स वाया गेले. तुम्ही तापाचाही उल्लेख केलेला नाही. हे वर्णन वाचल्यावर कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात पहिली शंका येईल ती वेगाने वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियांची. मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, किलोनी आणि फॉर्च्युइटम ही त्यांतली तीन नावे आम्हाला वारंवार भेटतात. पत्रावरून निदान करता येत नाही, हे खरे. परंतु ही शंका खोटी ठरेपर्यंत ती खरी धरूनच तपासण्या व्हायला हव्यात.

हे जंतू क्षयरोगाच्या आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्या कुळातले आहेत, पण त्यांचा मुक्काम माणसात नसतो. ते मातीत आणि पाण्यात राहतात. नळाच्या पाण्यात, पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात, गच्चीवरच्या टाकीत ते आढळतात, आणि त्यांच्या पेशीभोवती मेणासारखे जाड आवरण असल्याने पाण्यात टाकलेल्या क्लोरिनला ते सहजी दाद देत नाहीत. त्या पाण्याने आपण रोज तोंड धुतो आणि काहीही होत नाही, कारण धडधाकट त्वचा त्यांना आत येऊ देत नाही. सुई मात्र त्यांना थेट त्वचेखालच्या चरबीत नेऊन सोडते. तिथे ते सावकाश वाढत राहतात आणि गाठ दिसू लागेपर्यंत दोन आठवड्यांपासून काही महिने जाऊ शकतात. एवढ्या काळाने आलेल्या गाठीचा संबंध इंजेक्शनाशी असेल हे रुग्णाच्याही लक्षात येत नाही, आणि रुग्ण बोलला नाही तर डॉक्टरांच्याही नाही.

आता काय करायचे ते सांगते. तिसरे अँटिबायोटिक अंदाजाने सुरू करण्याआधी गाठीतला नमुना तपासणीला गेला पाहिजे. वाहणाऱ्या जखमेवर कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना या कामाला अपुरा पडतो; न फुटलेल्या गाठीतला पू सिरिंजने ओढून घ्यावा किंवा गाठीचा छोटा तुकडा, म्हणजे बायोप्सी, घ्यावी. त्या तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळा तुकडा एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच वाढणार नाही, आणि रुग्णाला मात्र ‘काही निघाले नाही’ असे सांगितले जाते. ही चूक मी इतक्या वेळा झालेली पाहिली आहे की तुम्ही स्वतः डॉक्टरांना ‘दोन बाटल्या पाठवणार ना?’ असे विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, कारण पुवाचे साधे कल्चर दोन-तीन दिवसांत बंद केले जाते आणि हे जंतू ‘वेगाने वाढणारे’ म्हणवले जात असले तरी त्यांना आठवडाभराचा अवधी लागू शकतो.

जंतू सापडला की त्याच्यावर कोणती औषधे चालतात याचीही तपासणी करतात. त्यानंतरचे उपचार लांबलचक असतात. सहसा दोन किंवा अधिक औषधे एकत्र द्यावी लागतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन, सुरुवातीचे काही आठवडे अ‍ॅमिकॅसिनची इंजेक्शने, गरजेनुसार लिनेझोलिड, इमिपेनेम अशी ती नावे आहेत. कालावधी कमीत कमी चार महिने आणि अ‍ॅब्सेसससारख्या चिवट जंतूत सहा महिने किंवा त्याहून अधिक असतो. अ‍ॅमिकॅसिनने कानांवर आणि मूत्रपिंडांवर, लिनेझोलिडने रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधूनमधून रक्ताच्या आणि श्रवणाच्या तपासण्या कराव्या लागतात आणि त्या टाळू नयेत. काही गाठी शस्त्रक्रियेने काढून टाकल्याशिवाय औषधांचा गुण येत नाही. कोलंबियातील बारांकिया शहरात १९९० च्या दशकात लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या दूषित इंजेक्शनांमुळे सुमारे साडेतीनशे लोकांना अ‍ॅब्सेससची गळवे झाली होती. तिथल्या डॉक्टरांच्या अनुभवातही शस्त्रक्रिया आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र वापरल्यावर बहुतेक रुग्ण बरे झाले. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की हे बरे होते, पण त्याला महिने लागतात आणि निदानाला झालेला प्रत्येक उशीर व्रणांच्या रूपाने त्वचेवर राहतो.

तोपर्यंत गाठी पिळू नका, त्यांवर पोटीस किंवा हळदीचा लेप बांधू नका, आणि गाठ बसावी म्हणून कोणी तिच्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ केले तर स्पष्ट नकार द्या. स्टेरॉइडने सूज चार दिवस ओसरते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. पार्लरमध्ये ‘आणखी एक सिटिंग घेतले की जाईल’ असे सांगितले असेल तर तेही करू नका. घरातल्यांना लागण होईल ही भीती मात्र मनातून काढून टाका, कारण त्वचेतला हा संसर्ग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. मुलांना जवळ घ्यायला काहीच हरकत नाही.

आणखी एक तपासणी तुम्ही मागितलेली नाही, तरी सांगणे माझे कर्तव्य आहे. जिथे पाण्याची आणि सुयांची स्वच्छता पाळली गेली नाही तिथे रक्तातून पसरणारे विषाणूही पसरू शकतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील एका स्पामध्ये स्वतःच्याच रक्तातील घटक चेहऱ्यात टोचण्याच्या उपचारातून महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ नंतरच्या तपासात दिसून आले. म्हणून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या आता एकदा आणि पुढे तीन व सहा महिन्यांनी करून घ्या. सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते.

प्रश्न : माझ्या पत्नीला गालावरच्या इंजेक्शनांनंतर दीड महिन्याने गाठी आल्या. बायोप्सीच्या अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ लिहिले आहे. डॉक्टरांनी त्वचेचा क्षयरोग समजून चार औषधांचा कोर्स सुरू केला. दोन महिने झाले, गाठी वाढतच आहेत. जीनएक्सपर्ट चाचणी निगेटिव्ह आली आहे. माझ्या आईने पत्नीची ताट-वाटी वेगळी केली आहे, त्यामुळे घरात फार ताण आहे. आम्ही कोर्स पूर्ण करावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने न पचणाऱ्या गोष्टीभोवती बांधलेला पेशींचा कोंडाळा. तो क्षयरोगात होतो, कुष्ठरोगात होतो, बुरशीच्या काही आजारांत होतो आणि त्वचेला उभारी आणण्यासाठी टोचलेल्या जेलभोवती, म्हणजे फिलरभोवतीही होतो. आपल्या देशात क्षयरोग इतका सर्वत्र आहे, की अहवालात हा शब्द दिसला की हात आपसूक त्या चार औषधांकडे जातो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु सुईच्या जागांवर, सुईनंतर दीड महिन्याने आलेला ग्रॅन्युलोमा वेगळा विचार मागतो. जीनएक्सपर्ट ही चाचणी क्षयरोगाच्याच जंतूचा शोध घेते. वर सांगितलेले मायकोबॅक्टेरिया तिच्यात दिसत नाहीत. त्यामुळे निगेटिव्ह अहवालाचा अर्थ ‘जंतू नाही’ असा होत नाही. काचपट्टीवर रंग देऊन पाहिल्यास हे जंतू क्षयरोगाच्या जंतूंसारखेच लाल दिसतात, त्यामुळे तो अहवाल पॉझिटिव्ह आला तरी गफलत होऊ शकते.

अडचण अशी आहे, की आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही क्षयरोगाची नेहमीची औषधे या वेगाने वाढणाऱ्या जंतूंवर सहसा चालत नाहीत. दोन महिन्यांत गाठी वाढल्या आहेत, हेच पुरेसे कारण आहे की पुन्हा नमुना घेऊन मायकोबॅक्टेरियाचे कल्चर करावे आणि जंतूची नेमकी जात ओळखून घ्यावी. कोर्स तुम्ही आपल्या मनाने थांबवू नका. हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञ आणि शक्य असल्यास संसर्गरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. मुंबई-ठाण्याकडे असे तज्ज्ञ आणि अशा प्रयोगशाळा उपलब्ध आहेत, ही तुमची सोय आहे.

हा घोळ सौंदर्य-उपचारांपुरता नाही. दुर्बिणीने केलेल्या पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरच्या छोट्या व्रणांत महिन्याभराने गाठी येणे, त्या वाहत राहणे आणि त्यांना क्षयरोग समजून औषधे दिली जाणे, हे भारतातील शल्यचिकित्सक अनेक वर्षांपासून लिहीत आले आहेत. तिथेही पुष्कळदा कारण पाणीच निघाले : उपकरणे औषधात बुडवून निर्जंतुक केली आणि शेवटी नळाच्या किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्याने खंगाळली.

आईंना एवढे सांगा, की हा जंतू खोकल्यातून किंवा ताटवाटीतून पसरत नाही. त्या डॉक्टरांसमोर बसून हे ऐकायला तयार असतील तर पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. माझा अनुभव आहे की मुलाने सांगितलेले पटत नाही ते तिथे पटते.

प्रश्न : परवा ओठांत फिलर घेतले. ओठ सुजले आहेत, एका बाजूला काळेनिळे झाले आहे. हे संसर्गाचे लक्षण आहे का? किती दिवस वाट पाहावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस सूज, थोडे दुखणे आणि रक्त साकळल्याचे निळे डाग हे ओठांच्या बाबतीत अपेक्षित आहे आणि ते दिवसागणिक उतरले पाहिजे. संसर्गात उलट होते : तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून लाली वाढते, ठसठसते, जागा गरम लागते, ताप येतो. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि उरलेल्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून घेऊ नका.

याहून तातडीची एक अवस्था आहे आणि तिचा जंतूंशी संबंध नाही. फिलर रक्तवाहिनीत शिरले किंवा तिच्यावर दाब आला तर त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर दिसू लागते आणि वेदना सुजेच्या मानाने फार असते. डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा एका डोळ्याने कमी दिसणे हे त्याचे सर्वांत गंभीर रूप आहे. यात तासांचा, कधी मिनिटांचा प्रश्न असतो. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेज नावाचे औषध मिळते आणि फिलर टोचणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ते हाताशी असायलाच हवे. तुम्ही निळेपणाचा उल्लेख केला आहे म्हणून हे लिहिते. तो डाग जाळीदार वाटत असेल किंवा फार दुखत असेल तर पत्राच्या उत्तराची वाट न पाहता टोचणाऱ्या डॉक्टरांकडे ताबडतोब जा.

पुढच्या काही महिन्यांत ओठात कडक गाठ जाणवली तर तीही दाखवावी. फिलरच्या पृष्ठभागावर जंतू पातळ थर करून दडून राहू शकतात आणि दातांचा संसर्ग, सायनसची सूज अशा निमित्ताने पुष्कळ काळानंतर डोके वर काढतात. म्हणूनच दाताचे मोठे काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचे तरी अंतर ठेवावे.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी ब्यूटी पार्लर चालवते. पुण्यात तीन दिवसांचा कोर्स करून प्रमाणपत्र घेतले आहे. ग्राहक मागतात म्हणून मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला छिद्रे पाडणे) करते आणि मेसोथेरपीची (त्वचेत थोडे थोडे औषध टोचण्याची) इंजेक्शने देते. दर वेळी नवीन सुई वापरते, आरओचे पाणी वापरते, हात धुते. तरीही दोन ग्राहकांना पुळ्या आल्या. माझे काय चुकते?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल तुमचे आभार मानते, कारण हा प्रश्न विचारण्याचे धाडस फार थोडे जण करतात. तुमच्या पत्रातला प्रामाणिकपणा पाहून मी तितक्याच स्पष्टपणे लिहिते. सुई नवी असणे ही आवश्यक गोष्ट आहे, पण संसर्गाला आत जाण्याच्या इतर वाटा उघड्या असतील तर ती पुरत नाही.

तुमच्या टेबलापाशी उभे राहून पाहिल्यासारखे एकेक सांगते. ग्राहकाला दुखू नये म्हणून सुन्न करणारे क्रीम लावले जाते आणि मग ते ओल्या कापसाने पुसले जाते. तो कापूस कोणत्या पाण्यात भिजवला? टोचण्याआधी किंवा नंतर बर्फ फिरवला जातो. तो बर्फ घरच्या फ्रिजमध्ये नळाच्या पाण्याचा केलेला असेल तर नुकत्याच पडलेल्या शेकडो छिद्रांवर तुम्ही तेच पाणी चोळत आहात. आरओचे पाणी पिण्यासाठी चांगले आहे, पण ते निर्जंतुक नसते, आणि यंत्राच्या टाकीत व नळीत हे जंतू थर करून राहू शकतात. मेसोथेरपीचे द्रावण मोठ्या बाटलीतून घेतले जाते. सुई दर वेळी नवी असली तरी बाटलीचे रबरी बूच स्पिरिटने पुसले नाही किंवा आधी वापरलेली सिरिंज पुन्हा बाटलीत घातली, तर एका ग्राहकाचे जंतू पुढच्या सगळ्यांना जातात. पावडरची व्हायल विरघळवायला सलाइनची एकच बाटली आठवडाभर उघडी वापरणे हा असाच प्रकार. मायक्रोनीडलिंगच्या पेनचे टोक बदलले तरी पेनच्या मुठीत रक्तमिश्रित द्रव मागे शिरतो, आणि ती मूठ ओल्या फडक्याने पुसून साफ होत नाही.

मेसोथेरपीची सुरुवात १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल पिस्तॉर या डॉक्टरांनी केली. त्याच फ्रान्समध्ये एका ठिकाणी मेसोथेरपी घेतलेल्या अनेक रुग्णांना मायकोबॅक्टेरियम किलोनीचा त्वचेखालील संसर्ग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासात रुग्णांच्या गाठींतले आणि परिसरातले जंतू जनुकीय चाचणीने ताडून पाहिले गेले, आणि संशय गेला तो एकाच वेळी अनेक सुया टोचणाऱ्या उपकरणावर, जे नळाच्या पाण्याने धुतले जात होते. प्रशिक्षित माणसांच्या हातूनही एवढ्या साध्या गोष्टीने हे घडते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्वचेत औषध टोचणे हा वैद्यकीय उपचार आहे आणि तीन दिवसांच्या प्रमाणपत्राने त्याचा अधिकार मिळत नाही. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ नुसार गुन्हा आहे. पण मला कायद्याहूनही पुढच्या क्षणाची काळजी वाटते : तुमच्या खुर्चीत कोणाला औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी आली, श्वास कोंडला, रक्तदाब कोसळला, तर अ‍ॅड्रिनलिन कोण देणार? इंजेक्शने आजपासून बंद करा. पुळ्या आलेल्या दोघींना स्वतः फोन करा, त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा, काय वापरले त्याची वेष्टने त्यांच्या हाती द्या. त्याच बाटलीतून आणखी कोणाला दिले होते ते आठवून त्यांनाही कळवा, कारण त्यांच्या गाठी अजून दिसायच्या असतील. तुमच्या व्यवसायातल्या ज्या सेवा त्वचेच्या वरच राहतात त्यांना मागणी कमी नाही, आणि त्या उत्तम करणाऱ्या बाईवर गावाचा विश्वास टिकून राहतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. दर दोन वर्षांनी महाराष्ट्रात येते, तेव्हा खर्च कमी म्हणून फिलर आणि बोटॉक्स घेऊन जायचा विचार आहे. परतीच्या आधी किती दिवस घ्यावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : इथे उत्तम त्वचारोगतज्ज्ञ आहेत, त्यामुळे विचारात गैर काही नाही. मात्र शेवटच्या आठवड्यात, बॅगा भरताना घेऊ नका. सुट्टीच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे पहिल्या पंधरवड्यातले त्रास इथेच निस्तरता येतील. उशिरा येणाऱ्या गाठी तरीही तिकडे गेल्यावरच दिसतील. अमेरिकेतून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पोटाच्या सौंदर्य-शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या महिलांना २००३-०४ मध्ये परतल्यावर अ‍ॅब्सेससचा संसर्ग झाल्याचे आढळले होते, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांना मूळ ठिकाणची काहीच माहिती हाती नव्हती. म्हणून औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, टोचल्याच्या जागा आणि तारीख हे सर्व लेटरहेडवर लिहून घ्या. बहुतेक फिलरच्या खोक्यात बॅच क्रमांकाचे चिकटपट्टीसारखे लेबल असते. ते आपल्या कागदावर चिकटवून मागा. तिकडच्या डॉक्टरांना ‘भारतात इंजेक्शन घेतले होते’ हे सांगायला विसरू नका.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले, एका सिरिंजमधले अर्धेच फिलर लागले, उरलेले तुमच्या नावाने फ्रिजमध्ये ठेवतो, महिन्याने टच-अप करू. पैसे वाचतात. चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. सिरिंज एकदा उघडून रुग्णाच्या त्वचेत गेली की ती निर्जंतुक राहत नाही, आणि फ्रिजमधल्या थंडीने जंतू मरत नाहीत. नाव लिहून ठेवल्याने दुसऱ्याला चुकून टोचले जाण्याचा धोका कमी होईल, पण तुमचे स्वतःचे जंतू महिनाभर त्या जेलमध्ये राहून परत तुमच्याच गालात जातील. उरलेले टाकून द्यायला सांगा.

प्रश्न : ज्या क्लिनिकमध्ये इंजेक्शन घेतले ते आता फोन उचलत नाही. टोचणारी व्यक्ती डॉक्टर होती की नाही हेही मला माहीत नाही. तक्रार कुठे करावी? काही उपयोग होईल का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आधी उपचार सुरू करा, कारण तक्रारीला लागणारा मुख्य पुरावा, म्हणजे कल्चरचा आणि बायोप्सीचा अहवाल, त्यातूनच मिळणार आहे. त्या व्यक्तीचे नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का, ते पाहा. नोंदणीकृत डॉक्टर असल्यास तक्रार कौन्सिलकडे करता येते, आणि लेखी मागणी केल्यावर तुमच्या उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. ही मागणी रजिस्टर्ड पोस्टाने करा आणि पावती जपून ठेवा. नोंदणीच नसेल तर प्रकरण बोगस डॉक्टरचे ठरते. त्यासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि पोलिसांकडे अर्ज द्यावा. खाजगी डॉक्टरांच्या सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते, त्यामुळे उपचार संपेपर्यंत थांबून ती घालवू नका. पैसे दिल्याची यूपीआय नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट हे सगळे पुरावे म्हणून उपयोगी पडते.

औषध बनावट असल्याचा संशय असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा. इंजेक्शनाचा दुष्परिणाम म्हणून नोंद भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला स्वतःलाही करता येते. रिकामी व्हायल, खोके किंवा त्याचे छायाचित्र तुमच्याकडे असेल तर ते फेकू नका. बॅच क्रमांक कळला तर त्याच मालातून टोचून घेतलेल्या इतर लोकांचा शोध घेता येतो.